'फेअर' म्हणजे नुसते गोरे नव्हे

आमचे बी.एड. उर्दू आणि मराठी या दोन विषयांचे. इंग्रजीशी आमचा संबंध परीक्षा पास होण्यापुरता. पण रत्नागिरी जिल्ह्यातल्या ज्या उर्दू माध्यमाच्या शाळेत आम्ही शिकवतो, तिथले इंग्रजीचे शिक्षक काही वर्षांपूर्वी निवृत्त झाले. जागा भरली गेली नाही आणि सहावी-सातवीचे इंग्रजीचे तास आमच्या वेळापत्रकात येऊन पडले. आता उर्दूचा तास संपला की त्याच खडूने इंग्रजी सुरू होते.

शिकवता शिकवता एक गोष्ट लक्षात आली. मोठे शब्द मुलांना जड जात नाहीत. 'एलिफंट' म्हणजे हत्ती, 'लायब्ररी' म्हणजे वाचनालय. एकदा पाठ झाले की झाले. अडवतात ते लहान शब्द. 'फाइन' म्हणजे छान आणि 'फाइन' म्हणजे दंडही. 'मीन' म्हणजे अर्थ, 'मीन' म्हणजे कंजूष, आणि गणिताच्या तासाला 'मीन' म्हणजे सरासरी. अशा शब्दांपैकी 'फेअर' या विशेषणाबद्दल आज लिहायचे आहे, कारण तो फक्त वर्गातला शब्द नाही. तो आपल्या घरात आहे, आरशाजवळच्या फळीवर आहे, लग्नाच्या बायोडेटात आहे.

वर्गात विचारून पाहा. 'फेअर' म्हणजे काय? चाळीस मुलांपैकी पस्तीस एका सुरात सांगतात, "गोरा!" हा अर्थ त्यांना कोणत्याही पुस्तकाने शिकवलेला नाही. तो क्रीमच्या ट्यूबवरून आला. १९७५ साली भारतात 'फेअर अँड लव्हली' बाजारात आली आणि पुढची पंचेचाळीस वर्षे तिने जेवढ्या लोकांना हा एक इंग्रजी शब्द शिकवला, तेवढ्यांना आम्हा शिक्षकांनी शिकवला नसेल. २०२० साली कंपनीने नाव बदलले, 'फेअर' काढून 'ग्लो' घातले. त्याच वर्षी लग्न जुळवणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळाने रंगानुसार मुलगी शोधण्याची सोय काढून टाकली. पण ट्यूबवरचे नाव पुसले म्हणून डोक्यातला अर्थ पुसत नाही. नाव बदलले तेव्हा आमची मुले लहान होती, तरी 'गोरा' हेच उत्तर पहिले येते.

बरे, हा अर्थ चुकीचा आहे का? नाही. शब्दकोशात तो आहे. मात्र तो अनेकांपैकी एक आहे, आणि तोही आपण वापरतो तसा सरसकट नाही. इंग्रज माणसाने 'ही इज फेअर' ऐकले तर त्याच्या मनात आधी येईल की हा माणूस न्यायाने वागणारा आहे. किंवा याचे केस सोनेरी आहेत, कारण 'फेअर हेअर' म्हणजे सोनेरी, फिकट केस. कातडीच्या रंगाबद्दलच बोलायचे असेल तर ते लोक 'फेअर स्किन' किंवा 'फेअर-स्किन्ड' असे जोडून सांगतात. आपल्याकडे जोड गळून गेली आणि नुसता 'फेअर' राहिला.

आता गंमत अशी, की मुले 'फेअर'चा दुसरा अर्थ रोज हातात घेऊन शाळेत येतात आणि त्यांना तो कळत नाही. 'फेअर वही' आणि 'रफ वही'! "गणित रफमध्ये सोडव आणि मग फेअर करून आण," हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेत रोज बोलले जाते. इथे 'फेअर' म्हणजे गोरा कसा होईल? इथे तो स्वच्छ, खाडाखोड नसलेला. आम्ही वर्गात विचारले, "मग फेअर वही गोरी असते का?" मुले हसली. पण हसून झाल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "टीचर, असतेच की. पाढरी असते." त्याचे 'पांढरी' असे 'पाढरी' होते, पण मुद्दा पक्का होता.

या मुलाला उत्तर देताना आम्हाला आमच्या उर्दूचा उपयोग झाला. आपण वहीला उर्दूत 'बयाज' म्हणतो. अरबीत त्याचा मूळ अर्थ पांढरेपणा. आणि कच्च्या लिखाणाला 'मुसव्वदा' म्हणतात, तो 'सवाद' म्हणजे काळेपणा यावरून. शाईने काळा केलेला कागद. हाच शब्द मराठीत 'मसुदा' होऊन बसला आहे. कायद्याचा मसुदा, ठरावाचा मसुदा म्हणतो तेव्हा आपण 'काळा केलेला कागद' असेच म्हणत असतो. म्हणजे पांढरे ते पक्के आणि काळे ते कच्चे ही जोडी इंग्रजांनी आणून दिलेली नाही, ती आपल्याही भाषांत आहे. शाईपुरती ती ठीक आहे. खरे तर विचार सगळा मसुद्यात होतो, फेअर वहीत नुसती नक्कल असते, आणि गणित कुणाला येते हे पाहायचे असेल तर आम्ही अजूनही रफ वहीच मागतो.

अडचण सुरू होते ती हा हिशोब माणसांना लावला की. आपल्या घरांत मुलीच्या रंगाबद्दल बोलताना आपण काय म्हणतो? "लडकी का रंग साफ है." साफ! म्हणजे जिचा रंग सावळा ती काय, मळलेली? बोलणाऱ्याच्या मनात असे काही नसते, हे आम्हालाही माहीत आहे. पण ऐकणारी दहा-बारा वर्षांची असेल तर ती शब्दाचा अर्थ शब्दातूनच घेते.

हे आम्ही अंदाजाने लिहीत नाही. सातवीच्या वर्गाला एकदा विरुद्धार्थी शब्दांचा गृहपाठ दिला होता. हॅपी-अनहॅपी, काइंड-अनकाइंड, अशी 'अन' लावून होणारी यादी आणि प्रत्येक जोडीची दोन वाक्ये. वह्या तपासताना एका वहीत वाक्ये होती: 'माय सिस्टर इज फेअर. आय ॲम अनफेअर.' खाली पट्टीने रेघ मारलेली, म्हणजे उत्तर पूर्ण आणि पक्के. व्याकरणात काही चूक नव्हती. स्पेलिंग बरोबर होते. ती आणि तिची धाकटी बहीण, दोघी आमच्याच शाळेत. धाकटी उजळ आहे, ही सावळी आहे. घरी येणारी-जाणारी माणसे दोघींना शेजारी उभ्या करून काय बोलत असतील, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

वहीवर आम्ही लाल शाई लावली नाही, ते वाक्य वर्गात वाचूनही दाखवले नाही. दुसऱ्या दिवशी फळ्याच्या मधोमध 'फेअर' लिहिले आणि सांगितले, "या शब्दाला एकट्याला विरुद्धार्थी नसतो. त्याच्या शेजारी कोण बसले आहे ते आधी पाहायचे." मग शेजारी लिहीत गेलो. 'फेअर कॉपी'च्या उलट 'रफ'. 'फेअर स्किन'च्या उलट 'डार्क'. 'फेअर वेदर' म्हणजे निवळलेली हवा, तिच्या उलट 'फाउल'. ही शेवटची जोडी आमच्या बंदराकडच्या मुलांना पटकन कळली. आमच्या किनाऱ्यावर बंदर खात्याच्या कागदांत 'फेअर सीझन' आणि 'फाउल सीझन' असेच शब्द असतात. जून लागला की समुद्र खवळतो, प्रवासी लाँचा थांबतात, होड्या किनाऱ्याला ओढून शाकारून ठेवतात, तो फाउल सीझन. एकाने लगेच विचारले, "टीचर, फुटबॉलमधला फाउल तोच का?" तोच. मुळात 'फाउल' म्हणजे घाणेरडे, वाईट. खेळात वाईट वागला तो फाउल. आणि नीट खेळला ते 'फेअर प्ले'. मराठीत रडीचा डाव म्हणतात तो याच्या बरोबर उलट.

मग शेवटी लिहिले 'फेअर पर्सन', आणि त्याच्या उलट 'अनफेअर पर्सन'. विचारले, "कोणत्या माणसाला अनफेअर म्हणायचे?" 'काळ्या' असे कुणी म्हणण्याआधीच आम्ही एक उदाहरण दिले: आपल्या भावाला आउट न देणारा अंपायर. मग मुलांनी धडाधड सांगितले. मापात मारणारा दुकानदार. बडबड करणाऱ्यांत मित्राचे नाव न लिहिणारा मॉनिटर. सगळ्यांना मारून आपल्या मुलाला सोडणारे सर. हे सांगणाऱ्याने कोणत्या सरांचा मुलगा ते मात्र सांगितले नाही. आणि मग तिने हात वर केला. "टीचर, जी खाला दोघींमध्ये एकीलाच ईदी जास्त देते, ती?"

आम्ही म्हटले, "हो. ती अनफेअर."

वर्ग हसला. तीही हसली. वहीतले वाक्य तिने स्वतःच खोडून खाली दुसरे लिहिले होते, ते आम्ही नंतर पाहिले: 'माय आंट इज अनफेअर.' त्या आंटला हे वाचायला मिळू नये एवढीच प्रार्थना.

ईदीचे उदाहरण मुलीने दिले आणि आम्हाला हजरत नुअमान बिन बशीर (रजि.) यांची हदीस आठवली. ती बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. त्यांच्या वडिलांनी सगळ्या मुलांमध्ये त्यांना एकट्याला काही भेट दिली. आईचा आग्रह होता की याला प्रेषित मुहम्मद (स.) यांची साक्ष व्हावी. वडील गेले. प्रेषितांनी (स.) विचारले, सगळ्या मुलांना असेच दिले आहे का? ते नाही म्हणाले. तेव्हा प्रेषितांनी (स.) साक्षीदार व्हायला नकार दिला, अल्लाहचे भय बाळगायला आणि मुलांमध्ये न्याय करायला सांगितले. वडिलांनी घरी येऊन ती भेट परत घेतली. इंग्रजीत 'फेअर टू ऑल' म्हणतात, म्हणजे सर्वांशी न्यायाने, त्याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला इंग्रजीच्या पुस्तकात मिळाले नाही. एक गोष्ट लक्षात घ्या. इथे तक्रार करणारे मूल नव्हते. ज्याला जास्त मिळाले त्यानेच मोठेपणी ही हकीकत सांगितली.

त्या दिवसानंतर आम्ही मोठा शब्दकोश काढून 'फेअर'चे घराणे शोधले. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तो शब्द होता तेव्हा त्याचा अर्थ फक्त सुंदर, मनाला आवडणारे, असा होता. रंगाचा संबंध नव्हता. सकाळ फेअर असे, मैदान फेअर असे, बोलणे फेअर असे. पुढे चौदाव्या शतकाच्या सुमारास तो न्यायासाठी वापरात आला. डाग नाही, लपवाछपवी नाही, असे वागणे. कातडीच्या आणि केसांच्या उजळपणासाठीही तो पुढेच वापरात आला. म्हणजे गोरेपणा हा मूळ अर्थ नव्हे, नंतरचा. आपल्याकडे मात्र तोच थोरला होऊन बसला.

मुलांना 'स्नो व्हाइट'ची गोष्ट माहीत असते. तिच्यातली सावत्र आई आरशाला विचारते की सगळ्यांत 'फेअरेस्ट' कोण. आमची मुले सांगतात, "सगळ्यांत गोरी कोण." पण ग्रिम बंधूंच्या मूळ जर्मन गोष्टीत तिथे सर्वांत सुंदर असाच शब्द आहे. घोटाळा होणे साहजिक आहे, कारण त्या गोष्टीतली मुलगी बर्फासारखी पांढरी आहे. जिथे बर्फ पडते तिथल्या लोकांनी आपल्या मुलीला बर्फाची उपमा दिली, त्यात वावगे काही नाही. आपण ती उपमा घेऊन कोकणच्या उन्हात उभे राहिलो, हे जरा विचित्र.

आणि 'अनफेअर'? त्याचेही एक सापडले. जुन्या इंग्रजीत 'कुरूप' या अर्थाने हा शब्द खरोखर होता. 'बेओवुल्फ' नावाच्या जुन्या काव्यात तो एका राक्षसाच्या डोळ्यांतून निघणाऱ्या भयंकर प्रकाशाला लावला आहे. माणसांसाठी त्या अर्थाने तो आज कुणी वापरत नाही. आमच्या विद्यार्थिनीला आम्ही हे सांगितलेले नाही आणि सांगणारही नाही.

मराठीत 'फेअर'ला शब्द कोणता, हा प्रश्न शिकवताना येतोच. न्याय्य हा शब्द मुलांच्या तोंडी बसत नाही. पण गावात एक पाटी आहे जी सगळ्यांनी वाचलेली असते: 'रास्त भाव धान्य दुकान'. सरकारी इंग्रजीतले 'फेअर प्राइस शॉप' ते हेच. 'रास्त' हा फारसी शब्द, अर्थ सरळ, खरा, उजवा. उर्दूत 'राहे-रास्त' म्हणजे सरळ मार्ग, हे मुलांना दीनियातच्या तासामुळे ठाऊक असते. दुसरा शब्द 'वाजवी'. तो 'वाजिब'वरून आला. जे देणे लागते, जे बंधनकारक आहे ते. वाजवी दर म्हणजे जो खरोखर लागू होतो तो दर. म्हणजे मराठी माणूस बाजारात 'फेअर' म्हणायला जे दोन शब्द वापरतो ते फारसी-अरबीतून आलेले आहेत. उर्दू माध्यमाच्या मुलांना हे सांगितले की त्यांचे चेहरे पाहण्यासारखे होतात. मराठी ही 'दुसऱ्यांची' भाषा असे ज्यांना वाटत असते त्यांना तर हे मुद्दाम सांगावे.

उर्दूतला 'इन्साफ' आम्ही जरा उलगडून सांगतो. त्याचे मूळ 'निस्फ', म्हणजे अर्धा. दोन भावांत भाकरी वाटताना दोन्ही अर्धे सारखे करणे, तो इन्साफ. 'फेअर शेअर' शिकवायला हे पुरते. रेशनचे उदाहरणही चालते: प्राधान्य कुटुंबाला दरमहा माणशी ५ किलो धान्य, माणूस लहान असो की मोठा. ते २०२३ पासून मोफतच मिळते. भावच उरला नाही तरी पाटीवर 'रास्त भाव' कायम आहे.

आता काही वापर भराभर सांगतो, कारण घरी मुलांचा अभ्यास घेणाऱ्या भगिनींना ते उपयोगी पडतील. प्रगतिपुस्तकात 'गुड'च्या खाली 'फेअर' असतो, तेव्हा त्याचा अर्थ जेमतेम, बरा. एका मुलाचे वडील आमच्याकडे पेढे घेऊन आले होते, मुलाला हस्ताक्षरात 'फेअर' मिळाले म्हणून. त्यांना वाटले, सुंदर. आम्ही पेढा खाल्ला आणि मग अर्थ सांगितला. दवाखान्याच्या केसपेपरवर 'जनरल कंडिशन फेअर' असते तेही असेच: प्रकृती बरी आहे, काळजीचे तूर्त कारण नाही. 'अ फेअर अमाउंट' म्हणजे बऱ्यापैकी रक्कम. 'फेअरली' या क्रियाविशेषणाचे दोन अर्थ सांभाळावे लागतात: 'फेअरली गुड' म्हणजे बऱ्यापैकी चांगले, पण 'ही ट्रीटेड अस फेअरली' म्हणजे तो आमच्याशी न्यायाने वागला. 'फेअर इनफ' हे समोरच्याचे म्हणणे पटले की म्हणतात, आपण 'बरं, मान्य' म्हणतो तसे. आणि 'टू' विसरू नये: 'बी फेअर टू युअर सिस्टर.'

जत्रा या अर्थाचा 'फेअर' मात्र विशेषण नाही आणि या घराण्यातला तर नाहीच. तो लॅटिनमधल्या सणाच्या, सुट्टीच्या दिवसाच्या शब्दावरून आला. मखदूम फकीह अली माहिमी यांच्या उरसाला इंग्रजी वर्तमानपत्रे 'माहीम फेअर' म्हणतात तो हा. आणि एस.टी.च्या तिकिटाचे 'फेअर' तिसरेच, त्याचे स्पेलिंगही वेगळे. उच्चार तिन्हींचा एक, त्यामुळे श्रुतलेखनात मुले हमखास पडतात. ती पडली तर रागावू नका.

पुन्हा रंगाकडे येऊ, कारण खरा प्रश्न व्याकरणाचा नाही. रंगाला नाव देऊच नये असे आमचे म्हणणे नाही. गोऱ्याला गोरा आणि काळ्याला काळा म्हणण्यात दोष नसतो. सूरह रूममध्ये (३०:२२) अल्लाहच्या निशाण्या सांगताना माणसांच्या भाषांचे वेगळेपण आणि रंगांचे वेगळेपण एकाच आयतीत आले आहे. भाषाशिक्षक म्हणून ही आयत आम्हाला फार जवळची वाटते. मराठी श्रेष्ठ की उर्दू, असा प्रश्न जितका पोकळ तितकाच सावळा बरा की गोरा, हा प्रश्न. हज्जतुल विदाच्या खुतब्यातली गोऱ्या-काळ्याबद्दलची शिकवण तर आपण दरवर्षी ऐकतो. ऐकून मशिदीतून घरी येतो आणि मुलाच्या लग्नाचा विषय निघाला की पहिली अट सांगतो.

या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या आपा मुलीचा फॉर्म घेऊन आल्या. मुलगा कतारमध्ये नोकरीला, घरचे लोक तिकडेच असतात, त्यामुळे फॉर्म इंग्रजीत हवा. एका विवाह मंडळाचा छापील कागद होता. नाव, वय, उंची, आणि चौथा रकाना 'कॉम्प्लेक्शन'. आपा म्हणाल्या, "टीचर, तिथे फेअर लिहा." मुलगी शेजारीच बसली होती. सावळी आहे. आम्ही म्हटले, "आपा, फोटो तर सोबत जाणार आहे." त्या म्हणाल्या, "मग ते व्हीटिश लिहा. सगळे तेच लिहितात." सगळे लिहितात हे खरे. गेहुआँ, गव्हाळ, याचे आपण केलेले हे इंग्रजी. लग्नाच्या जाहिरातींत ज्याला फेअर म्हणवत नाही आणि डार्क म्हणायचे नसते, त्या सगळ्यांचा तो रंग.

आम्ही आपांना एवढेच सांगितले की निकाहच्या बोलणीची सुरुवात खोट्या रकान्याने का करायची. रकाना कोरा ठेवू. आपांना ते पटेना. कोरा ठेवला तर काहीतरी लपवले असे वाटेल, आणि वाटलेले बोललेल्यापेक्षा वाईट. त्यांचेही चुकत नव्हते. तीन मुली आहेत, ही थोरली, आणि याआधी दोन ठिकाणांहून 'लडकी अच्छी है, मगर' असे निरोप आलेले. त्या 'मगर'च्या पुढे काय असते हे आम्ही त्यांना शिकवण्याची गरज नव्हती.

मुलगी इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "अम्मी, द्या इकडे." पेन घेतले आणि रकान्यात 'डार्क' लिहिले. अक्षर सुरेख आहे तिचे. मग खालचा शिक्षणाचा रकाना भरायला घेतला. बी.एस्सी., नंतर डी.एल.एड., उर्दू, मराठी आणि इंग्रजी तिन्ही भाषा. रकाना लहान पडला म्हणून उरलेले तिने मागच्या बाजूला लिहिले. आपांनी कागद दोनदा वाचून घेतला, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला.

फॉर्म गेला आहे. उत्तर अजून आलेले नाही. दरम्यान शाळेत इंग्रजीच्या तासिका तत्त्वावरच्या जागेसाठी तिने अर्ज दिला आहे, आणि तो मंजूर झाला तर सातवीचा वर्ग आम्ही आनंदाने तिच्या स्वाधीन करू.